आईच्या मैत्रिणीला भेटायला इस्रायलला जाऊ का? असं कोणी गेलंय का?

सातरस्ता
२१ नोव्हेंबर २०२२, रात्री ११:४०

नमस्कार. मी इथे वाचतच असते, लिहायची ही पहिलीच वेळ. घरात विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, जा किंवा नको जाऊ, म्हणून म्हटलं इथे विचारावं.

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिचं माहेर सातरस्त्याला चाळीत आणि शाळा माझगावची कदुरी. त्या भागात तेव्हा बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू लोक, बरेच होते, घरात मराठीच बोलणारे, आज्या नऊवारीतल्या, आडनावं पेणकर, रोहेकर अशी गावावरून. आईच्या शेजारच्या खोलीत असंच एक कुटुंब होतं आणि त्यांची मुलगी आईच्याच वर्गात. दोघी १९६४ ला एकदम एसएससी झाल्या. १९६८ ला ते सगळे इस्रायलला गेले, तिथे खाली दक्षिणेला वाळवंटात दिमोना म्हणून गाव आहे तिथे. आई त्यांचं नाव घ्यायची पण आम्ही कधी नीट ऐकलं नाही, तुम्हाला माहितीय ना आई काहीतरी जुनं सांगते आणि आपण हं हं करत भाजी निवडत असतो, तसं.

आता कपाट आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, त्यात ६१ पत्रं. सगळी मराठीत, शेवटचं २००९ चं. त्यावरचा फोन नंबर लागत नाही. मग मी आग्रीपाड्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, जाऊन विचारलं, तिथल्या एका काकांनी पाकिटावरचा पत्ता लिहून घेतला आणि चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज. मैत्रिणीची मुलगी. मराठी बोलत होती, जरा अडखळत, पण मराठी. म्हणाली आई आहे, डोळ्यांनी फारसं दिसत नाही आता, आणि तुमच्या आईची सगळी पत्रं तिने ठेवलीयत.

त्या रात्री मला झोप नाही. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की आमच्या डब्यात आहे ते सगळं मावशींनी लिहिलेलं आहे. आईने लिहिलेलं आमच्या घरात काय आहे? वाण्याच्या याद्या आणि गॅसच्या पुस्तकावरच्या तारखा. माणूस जे लिहितो ते दुसऱ्याच्या घरी जातं ना. आईचं सगळं बोलणं दिमोनाला आहे.

मिस्टर म्हणतात व्हिडिओ कॉल कर. मुलीची बारावी फेब्रुवारीत. खर्च लाख दीड लाख होईल. कोणी असं आईवडिलांच्या माणसांना भेटायला परदेशी गेलंय का? जाऊन काय मिळालं, खरं सांगा.

---

अबोली
२२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

वाचून पोटात तुटलं. पण मी म्हणेन आधी व्हिडिओ कॉलच करा, त्यांची तब्येत कशी आहे, त्यांना तुम्ही यावं असं वाटतंय का ते कळेल. म्हातारी माणसं नाही म्हणत नाहीत पण मनातून दमतात.

---

बंदरावरचा
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

ताई, माझं ऐका आणि बारावीची परीक्षा झाली की लगेच जा.

माझे वडील बोटीवर होते, रत्नागिरीकडचे, इंजिन खात्यात तेलवाला. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये मुक्काम करून करून मुंबईची माहिती झालेली. गेल्यावर त्यांची सीडीसी हाताशी आली, खलाशाचं पासपोर्टसारखं पुस्तक असतं, त्यात प्रत्येक बोट, कधी चढले कधी उतरले सगळं शिक्क्यासकट. वडील घरी वर्षातून दोन महिने, त्यामुळे मला ते पुस्तकातूनच जास्त कळले म्हटलं तरी चालेल. त्यांच्या बोटीवरचे एक जोडीदार लिव्हरपूलला स्थायिक झालेले. मी पाच वर्षं यंदा नको पुढच्या वर्षी करत राहिलो, घराचे हप्ते, हे ते. शेवटी २०१८ ला तिकीट काढलं आणि जायच्या तीन महिने आधी ते गेले.

तरी गेलो. त्यांच्या बायकोने चहा दिला, फार चांगली बाई, पण तिला वडलांबद्दल एवढंच माहीत की रविवारी घरी यायचे आणि मिळेल त्या माशाचं सार करायचे. चार दिवस राहायच्या तयारीने गेलो होतो, दोन तासात बाहेर पडलो. गोदीजवळ बसून राहिलो नुसता.

---

चहाचाकप
२२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

जा म्हणणारे बरेच असतील म्हणून मी दुसरी बाजू सांगतो. आपल्याला जे ऐकायचंय तेवढंच ऐकायला मिळेल असं नसतं.

माझे बाबा कुवेतला होते. ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा ते अडकले, आणि नंतर अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले, एक लाखाच्या वर माणसं आणली तेव्हा. आमच्या घरात ही गोष्ट बाबांनी कशी सांगितली, तर सहा वाक्यात. वाळवंट, बस, तंबू, रांग, विमान, सहार. बस. आम्हाला वाटायचं बाबा म्हणजे वाघ.

२०१७ ला मी अम्मानला गेलो, त्यांचा ऑफिसातला जॉर्डनचा सहकारी तिथे राहतो. त्याने सांगितलं, तुझे वडील माझ्या घरात तेवीस दिवस होते आणि रोज रात्री रडायचे, मी त्यांचा हात धरून बसायचो. मला ते झेपलंच नाही. परत आल्यावर आईला सांगायचं की नाही यात एक वर्ष गेलं. आज विचाराल तर बरं झालं गेलो असंच म्हणेन, कारण त्यांची रात्री उठून दाराची कडी तपासायची सवय आम्ही चेष्टेवारी नेलेली. पण तयारीने जा.

---

टपालवाला
२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

मी पोस्टात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच सॉर्टिंगला. पत्रांबद्दल थोडं.

ती निळी एकपानी पत्रं असतील तर त्याला एअरोग्राम म्हणतात, आत वेगळा कागद किंवा फोटो घालायला परवानगी नसायची. त्यामुळे लोक शेवटी कडेकडेने, दुमडीवर, पत्त्याच्या मागे असं लिहायचे, सगळ्या कडा तपासा. घडीवर कागद फाटत आला असेल तर सेलोटेप अजिबात लावू नका, ती पिवळी पडते आणि शाई खाते. लॅमिनेशनही नको. चिकटलेली घडी वाफेवर सोडवू नका. खिडकीपाशी उजेडात फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचा फोटो काढा. तारीख लिहिलेली नसेल तर शिक्का बघा, पाठवल्याचा असतो आणि कधीकधी पोचल्याचाही, त्यावरून क्रम लागतो.

---

सातरस्ता
२२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

टपालवाला काका, तुमचं वाचून डबा पुन्हा उघडला. काही पत्रं पाकिटातली आहेत, काही निळी. आणि निळ्यांतल्या नऊ पत्रांना कोपऱ्यात चौकोनी भोक आहे. ते मी केलंय. चौथीत असताना तिकिटं जमवायचे, कात्री घेऊन छापलेलं तिकीट कापलं, आणि मागच्या बाजूचा मजकूर त्याबरोबर गेला. आई तेव्हा काही बोलली नव्हती. वहीच कुठे गेली आता.

बंदरावरचा, चहाचाकप, तुम्ही दोघांनी एवढं मोकळं लिहिलंत, खूप आभार. मी जाते.

---

खाडीकिनारा
२३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

जा जा! मी अलिबागचा. आमच्या इथे नवगावला बेने इस्राएल लोकांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात, तिथे जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. खंडाळ्याला, लोणावळ्याचं नव्हे आमच्या अलिबागजवळचं, एका खडकावर खूण आहे, एलियाहू हनाबीचा, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचा, टापा म्हणतात, इस्रायलहून लोक मुद्दाम येतात, नारळ पोहे घेऊन. त्यांच्याशी मी मराठीत बोललोय. साठी सत्तरीची माणसं अशी अष्टागरी बोलतात की आमच्या पोरांना येत नाही.

मावशींना किनाऱ्यावरचं काहीतरी न्या. आमसुलं न्या.

---

अबोली
२३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

खायचं नेताना आधी विचारा हं. आमच्या ऑफिसात एक बेने इस्राएल मॅडम होत्या, मांसाहार आणि दूध एकत्र नाही, आणि बाहेरच्या स्वयंपाकघरातलं शिजवलेलं घ्यायला त्या कचरायच्या. उगाच तुम्ही तुपातले लाडू न्याल आणि त्यांची पंचाईत होईल.

---

सातरस्ता
२३ नोव्हेंबर, रात्री ९:३५

विचारलं. शिजवलेलं काही नको म्हणाल्या, पोहे आण, आपल्याकडचे, मलिद्याला. आमसुलं चालतील. आणि मावशींनी मागून ओरडून सांगितलं, कालनिर्णय! वाचता येत नाही तरी भिंतीला हवंय.

---

सातरस्ता
१९ मार्च २०२३, दुपारी ४:०५

जाऊन आले. लिहायला आठ दिवस लागले, मोठं झालंय.

दुबईमार्गे गेले. तेल अवीवच्या विमानतळावर काउंटरच्या बाईने विचारलं, इथे कोण आहे तुमचं, मी म्हटलं आईची मैत्रीण. आई कुठाय? आई वारली. मग तिला काही समजेना, मी पर्समधून १९७० चं पत्र काढून पाठीमागचा दिमोनाचा पत्ता दाखवला. तिने ते उलटंसुलटं बघितलं, विचारलं ही हिंदी का, मी म्हटलं मराठी. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात, ती परत निघेपर्यंत हरवू नका. गुरुवारीच पोचायचं ठरवलं होतं कारण शुक्रवारी दुपारनंतर बस आणि रेल्वे बंद होतात. रेल्वेने बेअरशेवा आणि तिथून बसने दिमोना. दोन्ही बाजूला नुसती पिवळी माती.

मावशी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल. दिसत नाही म्हणून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य, "नाक तिचं नाही गं. बोल बघू काहीतरी." मी काय बोलणार, मी म्हटलं मावशी बरी आहेस ना. तर म्हणाल्या, "हां. आवाज तिचा."

डबा तयार ठेवला होता. आमच्यासारखाच पत्र्याचा. त्यात ७० पत्रं. आणि मग मला कळलं की चार वर्षं ती कोणी वाचलेलीच नाहीत, कारण मावशींना दिसत नाही आणि घरात बाकी कुणाला देवनागरी येत नाही. मुलं मराठी बोलतात, मुलगी तर छान बोलते, पण शाळा हिब्रूतली, अक्षर कुठून येणार. मुलगी म्हणाली आई कधीकधी एखादं पत्र हातात घेऊन बसते आणि तोंडपाठ आहे तेवढं म्हणते.

तर मी वाचली. गुरुवारी संध्याकाळी सुरू केलं, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत थांबले, कारण तिथून शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा फोनचा दिवा नको, मग शनिवारी रात्री परत. मी आईचं पत्र वाचायचे आणि त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये, आमच्या डब्यातलं, ते लगेच. असं पहिल्यांदाच ते दोन्ही बाजूंनी वाचलं गेलं असेल. मावशी मधेच थांबवायच्या, असं नाही म्हणायची ती, 'अगं' लांबवायची, परत वाच.

आमच्या डब्यात एक पत्र होतं ज्यात मावशी लिहितात "दरफाळणीच्या दिवशी भोंगे वाजले आणि आम्ही उपाशीपोटी खाली धावलो", मला वाटलेलं फाळणीचं काहीतरी आहे. तर दरफाळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किप्पूर, दारं लावून घ्यायचा उपासाचा दिवस, आणि ते १९७३ चं युद्ध. त्याच्या उत्तरात आई लिहिते, तुझं पत्र यायला सहा आठवडे लागले, मी रोज पोस्टमन चाळीत शिरला की जिन्यात जाऊन उभी राहायचे. आणि त्याच्या दोन वर्षं आधी उलटं. डिसेंबर ७१ ला मुंबईत ब्लॅकआऊट, आई नवी नवरी लालबागला, लिहिते, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेत, दिव्याला कागदाची टोपी घातलीय, सासूबाई अंधारात भाकऱ्या थापतात आणि एकसुद्धा करपत नाही, माझ्या उजेडात करपतात. मावशी एवढ्या हसल्या की मुलगी आतून बघायला आली.

१९८२ चा संप. बाबा गिरणीत होते, १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको. मला त्या दिवसातलं घर आठवतं पण आई त्यावर कधी बोलली नाही. मावशींना तिने सगळं लिहिलंय. मंगळसूत्र कुठे ठेवलं, किती मिळाले, शेजारणीला काय सांगितलं. मावशी म्हणाल्या मी पैसे पाठवते, तर आईचं पत्र: "पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर परत पाठवीन आणि तो खर्च मला पडेल. त्यापेक्षा पत्र लवकर लवकर लिही." आमच्या डब्यात ८२ आणि ८३ ची मिळून चौदा पत्रं का आहेत ते मला तिथे कळलं.

चहाचाकप, तुम्ही सांगितलं होतंत तेही झालं. १९७४, माझ्या जन्मानंतरचं. "पुन्हा मुलगीच. मला वाईट वाटलं नाही पण सगळ्यांची तोंडं बघून मीही रडले." मी ते मोठ्याने वाचायला लागले आणि मधेच थांबले. मावशी म्हणाल्या वाच ना. मी वाचलं. मग त्यांनी विचारलं माझं उत्तर आहे का तुमच्याकडे? आहे, पण ते भोक पाडलेल्या नवांपैकी आहे. अर्धं वाचता येतं. "तिचं नाव काय ठेवलंस ते आधी" आणि पुढे भोक. मावशींना आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला, मी म्हटलं राहू दे.

शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावर मलिदा केला, माझ्या पोह्यांचा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि सगळे मिळून एलियाहू हन्नाबी हे गाणं म्हणतात. ती चाल सुरू झाली आणि मी ताटाकडे बघतच राहिले. आई तांदूळ धुताना ती गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसती चाल, आम्हाला वाटायचं कुठलंतरी भजन आहे.

---

बंदरावरचा
१९ मार्च, संध्याकाळी ५:३०

ताई वाचलं. दोनदा वाचलं. बरं केलंत.

---

टपालवाला
१९ मार्च, रात्री ८:००

मूळ पत्रं आणली का? नसतील तर चूक केलीत असं माझं स्पष्ट मत. त्यांच्यानंतर त्या घरात ती कुणाला वाचता येणार नाहीत, एखाद्या दिवशी घर आवरताना जातील. मी डेड लेटर ऑफिस बघितलंय, जिथे धनी न सापडलेली पत्रं जातात.

---

सातरस्ता
१९ मार्च, रात्री ९:१५

काका, मावशींनी डबा देऊ केला होता. मी नाही घेतला. फोटो सगळे आहेत, तुम्ही सांगितलं तसे. पण ती पत्रं आईने मावशींना लिहिली, मला नाही. त्या हातात घेऊन बसतात त्यांच्याकडून मी कशी काढून घेऊ? मुलीने शब्द दिलाय की नंतर माझ्याकडे किंवा माझ्या मुलीकडे येतील.

---

अबोली
१९ मार्च, रात्री ९:५०

मला सातरस्तांचं पटतं. काकांचंही खरं आहे म्हणा, शब्दाचं काय, मुलगी देईल, तिची सून देईल का? पण हातातून काढून घेणं नाहीच जमणार मलाही.

ते ७४ चं पत्र ताईंना, म्हणजे तुमच्या मोठ्या बहिणीला दाखवलंत का?

---

सातरस्ता
२० मार्च, सकाळी ६:५५

नाही अजून. तिचा जन्म ७२ चा, तिच्या वेळच्या पत्रात आई नुसती आनंदात आहे. दोन्ही एकदम दाखवावी लागतील ना.

---

खाडीकिनारा
१० ऑक्टोबर २०२३, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय. शनिवारपासून इस्रायलमधल्या युद्धाच्या बातम्या बघून सारखी आठवण येतेय. मावशी कशा आहेत?

---

सातरस्ता
१० ऑक्टोबर २०२३, रात्री ११:१०

ठीक आहेत. नातू सैन्यात गेलाय, त्याच्याशी बोलणं झालेलं नाही दोन दिवस. इमारतीत जाड भिंतींची खोली असते तिथे झोपतात, मुलीने डबा आधीच आत नेऊन ठेवलाय.

आज फोनवर दहा मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, ते काळ्या कागदाचं वाच. मी म्हटलं ७१ चं? हां, भाकऱ्यांचं.

वाचलं. मग म्हणाल्या परत वाच.